माझ्या तोंडात गोळी कोणी ठेवली?

मी अडकित्ता आहे, आणि सध्या रागात आहे. सुपारी कातरण्यासाठी माझा जन्म झाला. इतकी वर्षं मी तेच केलं आणि कधी तक्रार केली नाही. पण या उन्हाळ्यात माझ्याकडून जे करून घेतलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हातोदच्या एका लोहारानं मला घडवलं. अप्पासाहेब तेव्हा इंदूरच्या कचेरीत नवे कारकून होते. बाजाराच्या दिवशी त्यांनी मला हातात घेतलं, दोनदा उघडझाप केली आणि म्हणाले, "खीळ जरा सैल आहे."

लोहार हसला. "बाबूजी, हाथ पक्का हो तो बोलेगा नहीं."

ते खरं निघालं. हात स्थिर असेल तर मी गप्प असतो. हात थरथरला की माझी दोन्ही पाती टकटक वाजतात. अप्पासाहेबांच्या हातात मी चाळीस वर्षं गप्प होतो, शेवटच्या आजारपणात तेवढा वाजलो. ते गेल्यावर घरात सुपारी खाणारं कोणी उरलं नाही. त्यांच्या सुनेनं, कुमुदिनीनं, मला पुसून फडताळात ठेवलं. दर दिवाळीला ती मला तेलाचं बोट लावायची. तिचा हात मला ठाऊक होता. शेजारपाजारच्या साड्यांना फॉल लावणारा, एका फटक्यात सुईत दोरा ओवणारा हात.

कुमुदिनीला आठ वर्षांपासून थायरॉइड कमी पडण्याचा त्रास. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, मग अर्ध्या तासानं चहा. त्यात ती कधी चुकली नाही. गेल्या वर्षी फार थकायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पंच्याहत्तरची गोळी शंभरची केली आणि बजावलं, "दीड महिन्यानं रक्त तपासून या."

दीड महिन्यानं भाचीचं लग्न आलं. मग पाहुणे आले, मग घराला रंग लागला. सगळ्या कामांना वेळ मिळाला, रक्ताला मिळाला नाही. वर्ष गेलं.

एप्रिलमध्ये एकदाचं रक्त दिलं. रिपोर्ट आला तो तिच्या मुलाच्या, अश्विनच्या, फोनवर. लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला, "आई, टीएसएच लो आला तुझा. लाल अक्षरात आहे."

"लो म्हणजे?"

"मतलब कमी. थायरॉइड कमी पडतोय. म्हणून तर थकतेस तू."

"डॉक्टरांना दाखवायचं का रे?"

"अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली मिळेल. तोवर दीड गोळी घे ना. मागच्या वेळी त्यांनीपण वाढवलीच होती. टेन्शन नको घेऊ यार."

दीड गोळी! सुरीनं कापायला गेली, तर अर्धी उडून ओट्याखाली गेली. मग फडताळ उघडलं आणि ती पांढरी गोळी माझ्या तोंडात आली.

मी फार शिकलेला नाही. मला आकडे वाचता येत नाहीत. पण हात वाचता येतो. पहिल्याच दिवशी तिचा तळवा घामानं ओला होता, आणि मी हलकासा वाजलो. पंधरा दिवसांत जोरात वाजायला लागलो. रोज सकाळी मी ओरडत होतो. बाई, थांब! अश्विन दहा पावलांवर बसलेला असायचा, कानात ते पांढरे बोळे घालून. कुमुदिनीचे यजमान श्रीपादराव पेपरमधून म्हणायचे, "वजन उतरलं तुझं. छान दिसतेस." छाती धडधडते म्हटलं की उत्तर ठरलेलं, उन्हाळा आहे. झोप लागत नाही म्हटलं की वय झालं. फॉलसाठी आलेल्या साड्या तिनं तशाच परत पाठवायला सुरुवात केली. सुईत दोरा जात नाही हे तिनं कोणाला सांगितलं नाही. आणि मला, तिचं बिघडलेलं आणखी बिघडवायला, रोज राबवलं.

जूनमध्ये तिची नणंद मंगला राऊहून आली. पोह्यांवर शेव घालताना कुमुदिनीच्या हातून अर्धी शेव ताटाबाहेर सांडली.

"वहिनी, पोहे मला दिलेस की टेबलाला?" मंगला हसली. खाणं झाल्यावर तिनं पिशवीतून सुपारी काढली. "अप्पांचा अडकित्ता आहे ना अजून? दे गं कातरून."

कुमुदिनीनं मला उचललं. मी असा वाजलो की मंगलाचं हसू थांबलं. सुपारी निसटली आणि माझं पातं कुमुदिनीच्या बोटावर बसलं. त्या रक्ताची लाज मला अजून आहे.

मंगलानं बोट बांधलं. मग म्हणाली, "हात पुढे कर. दोन्ही." श्रीपादरावांच्या हातातला पेपर ओढून तिनं त्या हातांवर एक पान ठेवलं. पंखा बंद होता. पान फडफडत होतं. "वय झालं तिचं," श्रीपादराव म्हणाले.

"दादा, हे वय आहे? अश्विन, गाडी काढ."

"आत्या, अपॉइंटमेंट घ्यायची राहूनच गेली..."

"गाडी काढ म्हटलं ना!" आणि तिनं मलाही पिशवीत टाकलं. "हा पण चल साक्षीला."

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली. एकशे अठरा.

"गोळी किती घेता?"

"दीड."

"कोणी सांगितली?"

अश्विननं फोन पुढे केला.

बाईंनी त्याच्या फोनमधला रिपोर्ट पाहिला. "टीएसएच म्हणजे थायरॉइड नव्हे, बेटा. तो मेंदूचा तगादा आहे. शरीरात माल कमी पडला की तगादा वाढतो. माल जास्त झाला की तगादा बंद. आईचा तगादा बंद पडला होता आणि तुम्ही वरून आणखी माल भरलात. हे खालचे दोन आकडे बघितले, टी-थ्री आणि टी-फोर? खरा थायरॉइड तो. ते वर गेलेत."

"पण मॅडम, ती थकत होती..."

"माणूस दोन्हींत थकतं. म्हणून कागदाबरोबर माणूसही आणा म्हणते मी. असंच चाललं असतं तर हृदयाची लय बिघडू शकली असती."

मंगलानं मला टेबलावर ठेवलं. बाईंनी माझ्या खिळीतली पांढरी भुकटी बघितली आणि कपाळाला हात लावला. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली; लय अजून बिघडली नव्हती. चार दिवस गोळी बंद, मग पंच्याहत्तरची, अख्खी. सहा आठवड्यांनी रक्त.

काल ते सहा आठवडे पूर्ण झाले. संध्याकाळी अश्विनच्या फोनवर रिपोर्ट वाजला. त्यानं बघितला नाही. फोन उलटा ठेवला, मला फडताळातून काढलं आणि एका सुपारीसह आईपुढे धरलं.

"आई, आधी हे."

कुमुदिनीनं सुपारी माझ्या पात्यांत धरली आणि दाबली. दोन तुकडे झाले, सारखे. मी वाजलो नाही.

मग तो म्हणाला, "चल, आता रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडेच जाऊ."

तरी माझा राग गेलेला नाही. ब्रशनं किती घासलं तरी ती भुकटी माझ्या खिळीत थोडी उरली आहे. मला सुपारी द्या, नाहीतर फडताळात राहू द्या. औषध माझ्या तोंडात देऊ नका. आणि घरातलं कोणी थकलं म्हणालं, तर आधी त्याचा हात हातात घ्या.