घरचा सूर

कपाचा कान एवढासा, चिमणीच्या चोचीएवढा — आणि तोच सुटेना. कॉफी कधीच संपली होती. झ्वाने मनातल्या मनात म्हणाला, उघडा, उघडा रे... तेव्हा कुठे बोटं एकेक करून, झोपेतून उठवलेल्या पोरांसारखी कुरकुरत, मोकळी झाली.

त्रेपन्न वर्षांची बोटं. इस्त्रिया प्रांतातल्या किती लग्नांत त्यांनी धाकटी सनई वाजवली! जोडीला थोरली वाजवणारा तोनीन थांबलेला असायचा, तरी झ्वानेचा शेवटचा सूर आपला लांबतच जायचा, लांबतच जायचा... बायका डोळे पुसायच्या. अगदी मिहोसारखा, म्हणायच्या, बापाचा सूर लेकाच्या बोटांत उतरला. बाबाही म्हणायचा, "सोडायची घाई नको रे, ही आपल्या घराची खूण."

खूण! काल दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाबाच्या तपासणीचा जुना कागद पुढे सरकवला — स्नायूंचा आजार, रक्तातून आलेला, वयाबरोबर वाढणारा, दर पिढीला आधीपेक्षा लवकर गाठणारा. खाली मिहोची सही. झ्वानेच्या लग्नाच्या आदल्या वर्षीची. म्हणजे माझ्या वरातीपुढे, माझ्याकडे बघून हसत, बाबा सूर धरून होता तेव्हा... सूर कसला, बोटं उघडत नव्हती म्हणून नुसता फुंकत राहिला होता! आणि अख्खं गाव त्याच्या दुखण्याला टाळ्या वाजवत होतं. तो जाऊन नऊ वर्षं झाली. आता भांडायचं तरी कुणाशी?

"बाबा!" लेक आली, लुचाना. पाचवा महिना. "तोनीनकाका म्हणतो, तुझ्या बापाला सनई खाली ठेवायलासुद्धा मुहूर्त लागतो! मी म्हटलं, काका, तुमचा सूर काकूच्या हाकेला घाबरून आधीच पळतो, त्याला आम्ही काय करणार?"

तो हसला. ती हसता हसता थांबली, पोटावर हात ठेवून म्हणाली, "याला शिकवशील ना रे तो शेवटचा सूर?"

आत्ताच सांगायचं. तिची तपासणी व्हायला हवी, पोटातल्याचीही... शब्द ओठांपर्यंत आले.

"अगं, आधी येऊ तर दे त्याला," तो म्हणाला. आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला — इतका सावकाश, इतका मायाळू, पोरीचा चेहरा उतरू नये म्हणून जपून काढलेला. हा आवाज मिहोचा होता.

ठाऊक होतं, तर सांगितलं का नाहीस, बाबा? — कालपासून छातीत रुतलेला हा प्रश्न आता त्याला लुचानाच्या आवाजात ऐकू येत होता.

ती खिडकीशी केस बांधत उभी होती. तोच शेवटचा सूर स्वतःशी गुणगुणत.