अर्ध्या वचनांची टोपली

मार्गशीर्ष सरत आला, की प्रवरा सोज्वळ होते. भाद्रपदातला तो गढूळ, गर्जणारा, उन्मत्त प्रवाह आपला नव्हेच, अशा चेहऱ्याने ती वाळूच्या शुभ्र पदरातून निळीसावळी, क्षीणकटी वाहते. दोन्ही तीरांवर उसाचे रुपेरी तुरे तिला चवऱ्या ढाळतात. धुक्याचं धूसर वस्त्र ती सकाळी नऊ-नऊपर्यंत अंगावेगळं करत नाही. पाहणाऱ्याला वाटावं, हिने जन्मात कुणाचं काही नेलं नसेल.

नदीचं असं असतं. नेते, आणि नितळ होते.

नदीच्या अलीकडे शिरसकाठ गाव, गावाच्या कडेला काळ्या दगडाचं कौलारू प्रार्थनामंदिर, आणि मंदिरामागच्या लिंबाच्या सावलीत, तीन खोल्यांच्या घरात टबीथाबाई लोंढे. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत अक्षरं गिरवून घेतली. त्यांचं स्वतःचं अक्षर असं, की त्यात लिहिलेली कानउघाडणीसुद्धा आमंत्रणासारखी दिसे.

म्हणूनच तिथल्या ख्रिस्ती मंडळीची वचनं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे आलं. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना झाली, की वेताची टोपली पुढे येते. प्रत्येकाने डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची, उभं राहून मोठ्याने वाचायची. ते देवाने त्या माणसाला वर्षभरासाठी दिलेलं वचन. मग ते घरी जातं, भिंतीवर चिकटतं, आणि बारा महिने चुलीच्या धुराने पिवळं होत राहतं.

चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या. गावभरच्या जुन्या पत्रिका बाई साठवत, त्यांच्या कोऱ्या पाठी कातरून चार बोटं लांब आणि दोन बोटं रुंद तुकडे करत, आणि डिसेंबरच्या कोवळ्या, केशरी, कवडशांच्या उन्हात अंगणात पाट टाकून निळ्या शाईच्या टाकाने लिहीत.

अडचण एकच. वचन मोठं आणि चिठ्ठी लहान.

पवित्र शास्त्रातली पुष्कळशी वचनं दोन पायांवर उभी असतात, एक पाय चिखलात, दुसरा खडकावर. बाई खडकावरचा तेवढा घेत. क्लेश गाळत, धीर ठेवत. रात्रभराचं रडं गाळत, सकाळचा हर्ष ठेवत. दरी गाळत, काठी ठेवत. तीस वर्षं त्यांनी असा परमेश्वर पाखडला, निवडला, आणि कोंडाविरहित करून मंडळीला वाढला. कुणी तक्रार केली नाही. पंचकमिटीने दोनदा आभाराचा ठराव केला.

गेल्या वर्षी शमुवेलरावांना वचन निघालं होतं, ‘मी तुझ्यासोबत असेन.’

शमुवेलराव म्हणजे बाईंचे यजमान. पोस्टातून निवृत्त, मंडळीत पंच, आणि सायकलीवर अविवाहितासारखे ताठ. चिठ्ठी त्यांनी भिंतीला लावली नाही. सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या घराशेजारी ठेवली. सदरा बदलला की चिठ्ठी बदललेल्या सदऱ्यात जाई. येता-जाता खिशावर थापटी मारत आणि बायकोला म्हणत, “देव बाईंच्या अक्षरात बोलतोय म्हटल्यावर ऐकावंच लागतं. नाहीतर छडी.”

मग भाद्रपद आला.

मेघमेदुर, कृष्णवर्ण, दिवसाढवळ्या दिवा मागणारा भाद्रपद. वर धरणाचे दरवाजे उघडले होते. नदीपलीकडच्या वस्तीवर एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता आणि त्याने प्रार्थनेसाठी शमुवेलरावांना बोलावलं होतं. फरशी पुलावर गुडघाभर पाणी होतं. बाई नको म्हणाल्या. उद्या जा म्हणाल्या. शमुवेलरावांनी पँट वर दुमडली, खिशावर थापटी मारली.

“देवाच्या कामाला निघालोय. नदीला कळेल तेवढं.”

नदीला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी, खालच्या अंगाला, बाभळीच्या काटेरी कुशीत ते सापडले. म्हातारा मात्र वाचला. अजूनही आहे. बाईंना समोरून येताना पाहिलं, की बिचारा रस्ता बदलतो, आपण मेलो नाही याची लाज वाटल्यासारखा.

खिशातलं सामान हवालदाराने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलं. चष्म्याचं घर, किल्ली आणि चिठ्ठी. चिठ्ठी होती, वचन नव्हतं. पाण्याने अक्षर न् अक्षर धुऊन नेलं होतं. उरला होता एक फिकट, पसरलेला, निळसर डाग, जणू कुणी काही बोलायला तोंड उघडलं आणि मग विचार बदलला.

सांत्वनाला माणसं आली. पाळकसाहेब म्हणाले, देवाची योजना आपल्याला कळत नाही. पाळकीणबाई म्हणाल्या, प्रभूला चांगली माणसं लागतात. प्रभूकडे माणसांचा इतका तुटवडा पडला असेल, असं बाईंना वाटलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना चहा दिला.

त्यांनी देवाला शिव्याशाप दिले नाहीत. शिक्षिका होत्या. त्यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. वर्गातल्या एखाद्या लाडक्या मुलाने तोंडावर थाप मारावी, आणि मग वर्षभर त्याच्या बाकाकडे बघायचंच नाही असं ठरवावं, तसं. जेवणाआधी हात जोडले जात, सवयीने. पण ओठांआड शब्द नसत. पाकीट पेटीत टाकावं आणि आत पत्रच नसावं, तशी ती प्रार्थना.

*

डिसेंबर आला. हेमंताचं स्वच्छ, थंडगार, निर्विकार ऊन अंगणात येऊन बसलं.

पाळकसाहेब दारात येऊन घुटमळले. यंदा शहरातून छापील वचनं आणू म्हणाले, सूर्योदय-बिर्योदय असलेली गुळगुळीत मिळतात, बाईंना त्रास नको.

“मी लिहिते,” बाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, की बाईंचा विश्वास डळमळला नाही. पाळकांना अशा गोष्टी पटकन कळतात.

दुपारी बाईंनी पाट टाकला, पत्रिका कातरल्या, आणि शास्त्र उघडलं ते थेट त्याच पानावर. आपल्याला फसवणारं वाक्य एकदा नीट पाहावं, एवढाच हेतू. यशयाच्या पुस्तकात ते होतं, ‘मी तुझ्यासोबत असेन.’ पण ते तिथे एकटं नव्हतं. त्याच्या आधी, त्याच श्वासात, त्याच ओळीत लिहिलेलं होतं, ‘तू पाण्यातून चालशील तेव्हा’.

टाकाच्या टोकावर शाईचा थेंब आला, थरथरला आणि तिथेच सुकला.

देवाने पाणी सांगून ठेवलं होतं. जागा पुरत नाही म्हणून बाईंनी ते कातरलं होतं.

याने त्यांचा राग निवला असं कुणाला वाटेल. निवला नाही. न सांगता बुडवणारा परवडला. हा तर आधी पाणी दाखवतो, मग हात पुढे करतो, आणि माणूस हात धरायला जातो तेव्हा हातात येते बाभूळ. शिवाय आता त्या फसवणुकीत त्यांचं स्वतःचं वळणदार अक्षरही सामील होतं. विश्वासघात एकट्याने करता येत नाही, त्याला एक चांगला लेखनिक लागतो.

बाईंनी नवा थेंब घेतला. आणि यंदा त्यांनी दुसरा पाय कापला.

पाणी लिहिलं, सोबत गाळली. दरी लिहिली, काठी गाळली. आसवांची पेरणी लिहिली, कापणी गाळली. जगात तुम्हाला क्लेश आहेत, पूर्णविरामाशिवाय. अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि पुढे कोरा, कठोर, पांढरा कागद. आठ दुपारी बाई लिहीत होत्या. अक्षर इतकं सुंदर त्यांना कधीच आलं नव्हतं.

हा राजीनामा होता. देवाच्या नावे, एकशे बारा तुकड्यांत. वर्षाच्या पहिल्या सकाळी मंडळीने तो वाचावा, एकमेकांची तोंडं पाहावीत, देवाच्या घरातली ती भयाण, भुंडी शांतता देवाने स्वतः ऐकावी. मग रिकामी टोपली पाळकसाहेबांच्या हाती द्यायची आणि दुपारच्या एसटीने लेकीकडे पुण्याला जायचं, ते पुन्हा या उंबऱ्याशी न येण्यासाठी. पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

*

पहिल्या जानेवारीची सकाळ धुक्यातून धुऊन काढल्यासारखी उजाडली. घंटेचा कांस्यगंभीर नाद उसाच्या तुऱ्यांवरून, वाळूवरून, त्या साळसूद नदीवरून गेला. नवे सदरे, नवी पातळं, डोक्याला चपचपीत तेल. टोपली पुढे आली.

पहिला मान पाळकसाहेबांचा. त्यांनी चिठ्ठी उचलली, कंठ साफ केला आणि वाचलं, “जगात तुम्हाला क्लेश आहेत.” थांबले. उरलेलं मागे असेल म्हणून चिठ्ठी उलटली. मागे छापलं होतं, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं.’

पाळकसाहेबांनी चिठ्ठी परत उलटली आणि ते खाली बसले. त्यांच्या सेवाकाळातलं ते सर्वांत छोटं भाषण.

शांतता पसरली. बाईंना हवी होती तशी. ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, त्या ती ऐकत राहिल्या.

मग एस्तेरआजी उठली. ऊसतोडीत जन्म गेलेली, मनगटांवर पाचटाच्या जुन्या रेघा असलेली, दोन लेकांना माती दिलेली, निरक्षर एस्तेरआजी. तिने चिठ्ठी उचलली, आणि दरवर्षीप्रमाणे सरळ टबीथाबाईंसमोर येऊन उभी राहिली. तिची वचनं दरवर्षी बाईच वाचून देत. राजीनामा लिहिताना बाईंच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

“बाई, तेवढं वाचून द्या.”

बाईंनी पाहिलं. आपलंच अक्षर, निळं, निर्दोष, निर्दय. त्या वाचू लागल्या, “मृत्यूच्या सावलीच्या दरीतून मी चाललो, तरी...”

आणि वाक्य कड्यावरून तुटलं.

“हं,” एस्तेरआजी म्हणाली. “बास बास. पुढचं येतंय मला.”

आणि तिथेच, पदर डोक्यावर सारून, शेतात एकमेकींना हाळी घालावी तशा खड्या आवाजात तिने पुढचं म्हटलं. भिणार नाही म्हणाली. तू जवळ आहेस म्हणाली. काठीचं आणि मेंढपाळाच्या आकडीचं म्हणाली. लिहिलेलं अर्धंच आहे, याची तिला शंकाही आली नाही. वाचता न येणाऱ्या बाईला कागद कुठे संपतो ते कसं कळणार?

मग पाणी फुटावं तसं झालं. शिंपी उठला, रडं त्याने चिठ्ठीवरून वाचलं आणि सकाळ तोंडपाठ म्हटली. नव्या सुनेने फुलाविना अंजीर वाचलं आणि लाजत, अडखळत, तरी आनंद करीन म्हणाली. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या नथानिएलने आसवांच्या पेरणीला भलत्याच वचनाचं शेपूट जोडलं. कुणी सुधारलं नाही. देवानेही नाही. अर्धं कागदावर आणि अर्धं कंठात, अर्धं निळ्या शाईत आणि अर्धं उघड्या श्वासात, असं एकेक वचन त्या काळ्या दगडांखाली दोन्ही पायांवर उभं राहत गेलं.

बाईंचा राजीनामा कुणीच स्वीकारत नव्हतं. त्यांना भयंकर राग आला. रागाच्या आत कुठेतरी काही हललं, पण त्याला नाव द्यायला त्या तयार नव्हत्या.

टोपलीत एकच चिठ्ठी उरली. लिहिणारणीची शेवटची, तशी रीतच होती.

बाई उठल्या. चिठ्ठीकडे पाहायच्या आधीच त्यांना कळलं होतं. इतकं वाईट नशीब योगायोगाने येत नाही. त्यांनी वाचलं, “तू पाण्यातून चालशील तेव्हा...”

मंडळी थांबली. एकशे अकरा कंठांना पुढचं येत होतं. एकशे अकरा कंठ गप्प होते. बाहेर लिंबाचं एक पिवळं पान गळालं, ते पडल्याचंही ऐकू आलं. पाळकसाहेबांनी मदतीला तोंड उघडलं, तशी एस्तेरआजीने त्यांच्या झग्याची बाही धरली.

“राहू द्या, साहेब. तिला म्हणू द्या, तिला म्हणायचं तवा.”

बाईंनी म्हटलं नाही. डोळ्यांतून मात्र, चार महिने बंधाऱ्यामागे अडवलेलं, गढूळ, उष्ण, अनावर असं ते आलं. पाण्यातूनच त्या चालत खाली आल्या, आणि बाजूच्या बायकांनी सरकून वाट दिली.

*

दुपारची एसटी धूळ उडवत वेशीवर आली, दोनदा भोंगा वाजवून गेली. पिशवी दाराशी तशीच होती. टोपलीही घरीच आली होती, बाईंच्या हातात. ती परत द्यायची होती, हे त्यांना उंबऱ्यात आल्यावर आठवलं.

त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून शमुवेलरावांची चिठ्ठी काढली. खिडकीखालच्या फळीवर ती आणि सकाळची आपली, असे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले, कडेला कड लावून. अलीकडे बाईंचं अक्षर, निळं, ठाम, कागदाच्या काठापर्यंत गेलेलं आणि काठावर थांबलेलं, फरशी पुलाशी सायकल थांबावी तसं. पलीकडे अक्षर नव्हतंच, होता तो धुतलेला, पसरलेला, फिकट डाग. टाक जवळ होता. शाई होती. त्यांनी हात लावला नाही.

ऊन उतरत गेलं. नदीवरून धुकं आलं, लिंबावरून आलं, खिडकीशी आलं. अक्षरं आधी विझली, मग काठ विझला, मग फळी विझली. आणि सगळं विझल्यावरही तो डाग तेवढा दिसत राहिला, मंद, मुका, निळा.