दगडाच्या उजवीकडून

वरची आळी आणि खालची आळी दोन टोकांकडून झऱ्याचं पाणी आणायच्या पाइपासाठी चर खणत आल्या आणि मोठ्या दगडापाशी भेटल्या. भेटल्या कसल्या, चुकल्या! वरच्यांचा चर दगडाच्या एका अंगाला, खालच्यांचा दुसऱ्या. मधे तो धोंडा मख्खपणे बसलेला.

घोळ शिंपीणकाकूंचा. "दगडाच्या उजवीकडून खणा," असं त्यांनीच दोन्ही आळ्यांना बजावलं होतं. उतरणाऱ्याचं उजवं ते चढणाऱ्याचं डावं, हे कापडाची उलटसुलट बाजू डोळे मिटून ओळखणाऱ्या बाईच्या ध्यानातच आलं नाही. लोक पोट धरधरून हसले. काकूंना मात्र रडू येऊ लागलं. झऱ्याचं पाणी दारात आल्याशिवाय परत येणार नाही, असं ठणकावून सून तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी गेली होती. घागरी वाहून तिची कंबर गेली होती, म्हणून काकूंना तिचा राग नव्हता. पण नातीला त्यांनी अजून धड मांडीवरही घेतलं नव्हतं.

तेवढ्यात पाणीखात्याचे साहेब बूट सांभाळत चालत आले. दोन चर बघून त्यांना हसू आवरेना.

"म्हणून ही कामं खात्यावर सोडायची असतात, बाई. बंद करा हे. आमची योजना येणार आहे."

"कधी?"

"येईल की."

"माझं लग्न झालं तेव्हाही येणारच होती. आता मी आजी झाले. वाटेत पंक्चर झाली का हो तुमची योजना?"

लोहारदादा फिस्सकन हसला. साहेब भडकले. "पाइप जोडलात तर उद्या माणसं आणून तोडीन!"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पदर खोचला. "दादा, या धोंड्याला कॉलर लावू या. गळ्याभोवतून पाइप फिरवा, दोन्हीकडे वळणाला एल्बो टाका. बघते कोण तोडतं ते!"

दोन्ही आळ्यांनी मिळून दगडाभोवती खणलं. लोहारदादानं सांधे घट्ट आवळले. संध्याकाळी काकूंच्या दारातला नळ खोकला, गढूळ थुंकला आणि मग धो धो वाहू लागला. काकूंनी सुनेला फोन लावला. तिनं उचलताच त्यांनी फोनच नळापाशी धरला.

सकाळी साहेब खरंच दोन माणसं आणि करवत घेऊन आले. सगळं गाव चरात बसलं होतं. दगडापाशी, थेट त्या वळशावर, काकूंची सून ठाण मांडून होती. पहाटेच्या गाडीनं आली होती ती, कुणाला न कळवता. काकू धापा टाकत पोहोचल्या, तेव्हा तिनं लेक त्यांच्या हाती दिली आणि साहेबांकडे वळली.

"तोडा साहेब, खुशाल तोडा. आम्ही परत जोडू. आता येतं आम्हाला."