वाढत गेलेला आवाज

मी एक जुना रेडिओ आहे. लाकडी पेटीतला, पुढे जाळीचं कापड आणि उजव्या हाताला आवाजाचं गोल बटण असलेला. मित्रांनो, माझ्या पोटात कागदाचा एक शंकू आहे. तो थरथरला की हवा थरथरते आणि गाणं तुमच्या कानापर्यंत पोचतं. कारखान्यात माझ्या तारा जोडणाऱ्या बाईंनी शेवटी मला कानाशी धरलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "किती गोड आवाज आहे गं याचा!" माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

एका विणकराने मला घरी नेलं. तो यंत्रमागांच्या शेडमध्ये कामाला होता. त्याची नवी नवरी आणि मी एकाच महिन्यात त्या घरात आलो. तेव्हा बटण जेमतेम हललं तरी पुरत असे. संध्याकाळी शेजारीपाजारी ऐकायला यायचे, दारात बसलेल्यालाही शब्द न् शब्द कळायचा.

पुढे मात्र दरवर्षी बटण केसभर पुढे सरकू लागलं. केसभरच, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेडमध्ये मागांचा खडखडाट इतका, की कामगार एकमेकांचे ओठ वाचत आणि हातवारे करून बोलत. ती सवय विणकराबरोबर घरी आली. जेवताना तो बोटं चोळून मीठ मागायचा, आणि तोंड उघडलं की ओरडायचाच. हळूहळू त्याची बायकोही ओरडून बोलू लागली. त्यांची लेक तर तेच ऐकत वाढली. तिचं लाडाचं नाव चिमणी, पण शाळेतली पोरं तिला भोंगा म्हणत! तिचे कान अगदी तिखट होते. मागाजवळ ती कधी फिरकलीही नव्हती. तरी मागाचा आवाज तिच्या गळ्यात उतरला होता.

शिक्षण संपलं आणि चिमणीला त्याच शेडमध्ये नोकरी लागली. कामावर जायच्या आदल्या दिवशी ती कानात घालायचे बोळे घेऊन आली.

"हे कशाला?" विणकर गरजला. "धागा तुटला की मागाचा सूर बदलतो. कान बुजवलेस तर कळणार कसं? सगळी शेड हसेल तुला!"

"बाबा, तुम्हाला कमी ऐकू येतं. माझंही तसंच व्हायला हवंय का?"

"मला कमी ऐकू येतं? अगं, हा रेडिओ म्हातारा झालाय! चल, आत्ताच दाखवून आणू. बिघडला असला तर भंगारात."

त्याने मला काखोटीला मारलं. माझ्या शंकूत धस्स झालं.

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, धूळ फुंकली आणि बटण पूर्ण फिरवलं. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावत आला. "अरे बाबा, गिऱ्हाइकाचा गाल कापला असता की माझ्या हातून!"

"काका, याचा घसा ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला विणकराला म्हणाला. मग जरा घुटमळला. "एक करू. मी आवाज कमी करत जातो. ऐकू येईनासं झालं की दोघांनीही हात वर करायचा."

बटण निम्म्यावर येण्याआधीच विणकराचा हात वर गेला. चिमणीचा खालीच. दुरुस्तीवाला बटण फिरवत राहिला. विणकराने लेकीकडे पाहिलं. तिचे ओठ नकळत गाण्याबरोबर हलत होते. उभा जन्म ओठ वाचलेला तो माणूस. त्याने तिच्या ओठांवरचं गाणं वाचलं. गाणं चालू होतं. त्याच्यापर्यंत ते येत नव्हतं, एवढंच.

त्याने हात खाली घेतला. आवाज हळू ठेवायची धडपड करत विचारलं, "ते बोळे... नीट बसतात ना गं कानात?"

"बसतात की, बाबा. पण धागा तुटला तर?"

"तुटू दे. धाग्याला गाठ मारता येते, चिमणे."

चिमणी आता बोळे घालूनच कामाला जाते. धाग्यावर ती नजर ठेवते. पहिले काही दिवस शेड हसली. मग दोघीतिघींनी तिला हळूच विचारलं, बोळे कुठे मिळतात म्हणून.

मित्रांनो, एका दिवसात बिघडलेली गोष्ट सगळ्यांना दिसते. रोज थोडी थोडी बिघडते, तिची मात्र घराला सवय होते, आणि ती सवय लेकरंही उचलतात. म्हणून या म्हाताऱ्या रेडिओचं एवढं ऐका. आपलं माणूस ओरडून बोलू लागलं, तर त्याला भांडखोर म्हणू नका. त्याच्या समोर बसा. आपले ओठ त्याला दिसू द्या, आणि मग विचारा, "माझं ऐकू येतंय ना?"