गुरुवारी मी गप्प बसलो

माझ्या लाँचचं इंजिन अधूनमधून बंद पडतं, जीभ मात्र कधी बंद पडत नाही, असं आमच्या लेमुय बेटावरचे लोक म्हणतात. एका हंगामात मी देवमाशाच्या पाठीवर बटाटे पिकवले होते, तेही त्यांना पटत नाही. पीक जरा खारट आलं, एवढंच.

पण ही गोष्ट एलाद्यो चिग्वायच्या पोरीची, ओतिल्याची. ती बेटावरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. एखाद्या वर्षी आमचा समुद्र लाल होतो, शिंपले विषारी होतात आणि घरोघरच्या चुली थंड पडतात. ते का होतं, याचा तिला छडा लावायचा होता. वाल्दिव्हिया शहरातल्या विद्यापीठानं तिला एम.एस्सी.ला घेतलं, तेही शिष्यवृत्तीसकट. दोन वर्षं. येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

अडचण म्हणजे तिचा बाप. एलाद्योचे डोळे जवळजवळ गेले होते, बायको मागेच वारली होती, घर बेटाच्या पार टोकाला. खाडीपलीकडे चोंची गावात त्याची बहीण रोसाल्बा राहते. ती ये ये म्हणून थकली. याचं एकच पालुपद, "दुसऱ्याच्या घरात आंधळा म्हणजे अडगळ. माझ्या घरात भिंती मला ओळखतात."

बुधवारी ओतिल्या धक्क्यावर आली.

"बार्रिया काका, चोंचीला सोडा. इथं फोन लागत नाही."

"हो म्हणायला ना?"

"नाही म्हणायला."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"परवा बाबांनी उकळती किटली चुलीवर म्हणून हवेतच ठेवली. पाय भाजला. मला म्हणतात, मांजरानं पाडली. आमच्याकडे मांजर तरी आहे का, काका?"

पलीकडच्या धक्क्यावर उभ्या उभ्याच तिनं नकार पाठवला. मासा साफ करायलाही याहून जास्त वेळ लागतो. मग म्हणाली, "मुदत संपली की बाबांना सांगेन, विद्यापीठानंच जागा काढून घेतली. तुम्ही कुठं बोलायचं नाही. आईची शपथ घ्या." मी तोंड उघडताच म्हणाली, "नको, लाँचची घ्या. ती तुम्ही मोडणार नाही."

गुरुवारी एलाद्यो काठी आपटत माझ्या दारात. काखेत सफरचंदाच्या दारूची बाटली. दारी येऊन कुणी असं प्यायला बसवलं, की समजायचं, मिंगाचं, म्हणजे सगळ्या गावानं मिळून एकाचं काम उरकायचं बोलावणं आलं. त्याला आमच्यात नाही म्हणत नाहीत. आज त्याचं काम, उद्या माझं.

"शनिवारी मोठी भरती आहे," तो म्हणाला. "घर लाकडी आहे, तरंगेल. ओंडक्यांवर चढवायचं, बैलांनी पाण्यात उतरवायचं, तू ओढून पलीकडे न्यायचं. रोसाल्बाच्या कुंपणाशेजारी. घर तेच, भिंती त्याच आणि बहीण हाकेच्या अंतरावर. मग पोरीच्या जिवाला घोर कसला?"

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं तर आडवी पडेल! उद्या ती हो कळवेलच, तिचा जीव आहे त्यात. पण रडत जाईल. मला तिला हसत जाताना ऐकायचंय. आणि लेका, तुझं तोंड म्हणजे फुटकी होडी. एवढं एकदा बुजव."

शुक्रवार अख्खा माझ्या हातात होता. टेकडी ओलांडून तिच्या शाळेत जायला अर्धा तास लागतो. तिनं पुन्हा फोन केला असता, तर कदाचित विद्यापीठवाल्यांनी ऐकलंही असतं. मी लाँचला रंग देत बसलो. जन्मात पहिल्यांदाच दोन माणसांनी आपलं गुपित माझ्यापाशी ठेवलं होतं. मला त्याचा माज आला होता.

शनिवारी ओतिल्या पहाटेच घरातून निघून किनाऱ्यावर बाटल्यांत समुद्राचं पाणी भरत होती. झाडीतून तिचं घर चालत आलं. पुढं बैलांच्या सोळा जोड्या, मागं चाळीस माणसं, वर धुराड्यातून धूर.

"बाबा! हे काय?"

"चढ आत! तुझं वाल्दिव्हिया एक खाडी जवळ आणतोय."

तिनं बैलांच्या तोंडचा फेस पाहिला, चिखलानं माखलेली माणसं पाहिली. मिंगाला आलेल्या माणसांना परत जा म्हणायचं कसं? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनाकडे पाहिलं.

खाडी ओलांडताना ती खिडकीत उभी होती. बाप भिंतीवर हात ठेवून शीळ घालत होता.

पलीकडच्या बैलांनी घर रोसाल्बाच्या कुंपणाला भिडवलं. अंगणात डुकराचं मटण आणि बटाट्याच्या मिल्काओ भाकऱ्या आल्या. एलाद्यो म्हणाला, "आता बोल, निघायचं कधी?"

"बाबा, मी नकार कळवलाय."

त्याच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "कधी?"

"बुधवारी."

"कुणाबरोबर आली होतीस इकडे?"

"बार्रिया काकांबरोबर."

त्यानं माझ्या दिशेनं तोंड वळवलं. डोळ्यांत काही नव्हतं, तरी मला ते सोसवेना. "गुरुवारी मी तुझ्याकडे आलो होतो," तो म्हणाला. तेवढंच.

सोमवारी तिनं विद्यापीठाला फोन केला. जागा दुसऱ्याला गेली होती, शिष्यवृत्तीही. तिकडून म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. घर पुन्हा बेटावर न्यायचं कुणी नाव काढलं नाही. ओतिल्या आता रोज सकाळी माझ्या लाँचनं शाळेला जाते, पाठमोरी बसते.

त्या सोमवारी दुपारी ती धक्क्यावर आली होती. "काका, जाड दोर आहे का?" मी दिला आणि तिच्या मागोमाग गेलो. आपल्या दारापासून आत्याच्या दारापर्यंत तिनं तो कमरेएवढ्या उंचीवर बांधला आणि बापाचा हात त्यावर ठेवला. "पुढच्या वर्षी मी नसताना याच्याच आधारानं जायचं, बाबा." तो चार पावलं गेला, थांबला, परत फिरला. चूक माझी म्हणायला मी तोंड उघडलं.

"आता नको, काका," ती म्हणाली आणि गाठ आणखी आवळली.