महागूजींची पेटी

भोजराजने शेवटच्या गाईचं दावं सोडलं, तशी ती सरळ शेजारच्या दुलीचंदच्या धानात शिरली. भोजराज तिच्यामागे गेला नाही. त्याच्या बायकोच्या, पुष्पलताच्या, कळांचा हा दुसरा दिवस होता. बालाघाटच्या दवाखान्यात नेणारी मोटार आता उद्या सकाळीच होती. आणि चंपाबाई सुईणीचा हुकूम होता, की घरातलं बांधलेलं, झाकलेलं, कुलपातलं सगळं मोकळं करा. म्हणजे बाईची वाट मोकळी होईल.

एरवी असल्या गोष्टींना हसणाऱ्या भोजराजने लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडलं, छत्री उघडून ओसरीवर ठेवली, घड्याळाचं दारही उघडलं. शेवटी तो स्वतःच्या पायजम्याच्या नाडीकडे वळला.

"ते राहू दे," त्याची आई शेवंताबाई म्हणाली.

तेवढ्यात दुलीचंद आला.

"भोजराजभाई, तुम्हारी गाय हमारे धान में है."

"मालूम है. तुमच्या घरी काही बांधलं असन तं तेही सोडा."

दुलीचंदने जरा विचार केला आणि डोक्याला गुंडाळलेला गमछा सोडून खांद्यावर टाकला.

चंपाबाई दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"घरात आखीन काहीतरी बंद हाये. पोरगी थकली. मले आता भेव वाटून राह्यलं."

सगळ्यांनी महागूजींकडे, भोजराजच्या वडिलांकडे, पाहिलं. ते आपल्या लोखंडी पेटीवर बसले होते. भोजराज जन्मला तेव्हापासून, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, पेटीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या करदोड्याला. आत काय आहे हे विचारायची कोणाची छाती नव्हती. माणूसही तसाच कडक. गावात दंडारीचा खेळ आला की घराला कडी लावायचा. बाप्यांनी लुगडी नेसून नाचायचं, हा चावटपणा त्याला खपत नसे.

"बाबा, पेटी," भोजराज म्हणाला.

"कागदं हायेत त्यात. कागदाले गाठ नसते."

आतून पुष्पलता कण्हली. आवाज फार बारीक झाला होता. महागूजींच्या चहात न विचारता जास्तीचा गूळ टाकणारी घरात ती एकटीच होती. ते उठले. घामाने गंजलेली किल्ली त्यांनी कुलपात घातली, पण ती फिरेना.

शेवंताबाईने त्यांना हलकेच बाजूला सारलं. अंबाड्यातला आकडा काढून कुलपात घातला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कुलूप उघडलं.



पेटीत वर कडुनिंबाचा पाला होता. खाली एक जांभळं लुगडं, गाठोडं बांधलेलं. महागूजींनी सगळ्यांदेखत त्याची गाठ सोडली. आतून घुंगरं आणि लांबलचक गंगावन निघालं, दंडारीतल्या नाच्याचा सगळा साज. दुलीचंद एकाएकी आपल्या धानाकडे बघू लागला.

लगेच काही झालं नाही. अर्धा तास गेला. महागूजी मान खाली घालून बसून होते. आपली अब्रू गेली याचं त्यांना आता काही वाटत नव्हतं, नुसती भीती वाटत होती. मग आत कोणीतरी अगदी नवं, रागावलेलं रडलं.

"पोरगी हाये," चंपाबाईने दारातून हात बाहेर काढला. "मायलेकी दोघी चांगल्या हायेत. जुनं, मऊ फडकं द्या."

शेवंताबाईने महागूजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आणि लुगडं आत गेलं.

महागूजींनी पाल्याची एक काडी उचलली. पुरती वाळलेलीही नव्हती.

"हा कोणं टाकला?"

"दर पोळ्याले टाकावं लागते," शेवंताबाई अंबाडा नीट करत म्हणाली. "नाही तं कसर लागते."

 महागूजींनी घुंगरं उचलली, माळ्यावरून काढून ठेवलेल्या पाळण्याजवळ गेले आणि दाराकडे तोंड करून विचारलं,

"चंपाबाई, आता गाठ मारली तं चालते ना?"