तेलाचा काटा

नझीरच्या पत्राला दिनानाथ मास्तरांनी उत्तर लिहिलं नव्हतं, त्याला तीन महिने होत आले. पत्र तसं साधंच होतं. ‘मास्तर, तेलाच्या उष्णतेचा काटा एकशे ऐंशीवर आला की तुम्ही सांगितलंत तशी मोटार उभी करतो. रोज चढावर अर्धा तास जातो. काल उतारूंची आगबोट चुकली. शेठ मला भित्रा म्हणतात. तेल बोटांत धरलं तर चांगलं दाट लागतं. पुस्तक पुन्हा एकदा बघाल का?’

नझीर हा श्रीवर्धन-दिघी सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर. मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून घ्यायला तो दिघीला मास्तरांकडे आला होता. पुस्तक मास्तरांकडेच राहिलं होतं. तेव्हाही तो बोटांचंच सांगत होता, तर मास्तर म्हणाले होते, “बोटाला काय कळतं? आकडा बघ.”

पत्र आलं त्याच संध्याकाळी मास्तरांनी पुस्तक उघडलं. ‘तेलाची उष्णता’ हे शीर्षक पानाच्या तळाशी होतं आणि पुढची दोन पानं नझीरच्या तेलकट अंगठ्याने एकमेकांना चिकटली होती. चहाच्या वाफेवर धरून त्यांनी ती सोडवली. तेलाचं कोष्टक आत होतं. मास्तरांनी वाचून दाखवलं होतं ते त्यापुढचं, पाण्याचं! तेलाला चढावर दोनशे तीसपर्यंत मोकळीक होती.

एवढंच लिहायचं होतं. पण मोटारीचे मालक जैनुद्दीनशेठही आपले इंग्रजी कागद मास्तरांकडूनच वाचून घेत; चूक कळली तर त्यांचा विश्वास उडाला असता. मास्तर कागद घेऊन बसत. ‘छपाईच्या दोषामुळे’ असं लिहीत, खोडत, ‘दृष्टिदोषामुळे’ लिहीत, तेही खोडत.

आज सकाळी नझीरची आई जुलेखाबी दारात उभी राहिली. खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणाऱ्या तरीच्या होडीकडे निघाली होती.

“मास्तर, पोराचा कागद मिळाला न्हाय काय?”

“मिळाला.”

“मंग? येवढी बुकां रचून ठेवलीव, त्यात आमच्यासाठी दोन ओळी न्हाय गावल्या?”

मास्तरांनी खोडाखोडीचा कागद पुस्तकाखाली सरकवला.

“शेठनं त्याला मोटारीवरनं उतरवलाय. आता मोटार धुतो. येत्या जुम्म्याला बोटीवर कोळसा ओढायला जातोय.”

“जुलेखाबी, त्याची चूक नव्हती. माझी होती.”

“मला सांगून काय व्हनार? मी चार दिस लेकीकडं ऱ्हाणार. शेठला दाखवायला कागद व्हया. आजच्या टपालात टाका.”

ती गेल्यावर मास्तरांनी टाक उचलला. ‘नझीर, मी चिकटलेली दोन पानं एकदम उलटून पाण्याचा आकडा तेलाचा म्हणून सांगितला. चढावर काटा दोनशे तीसच्या आत असेल तर थांबू नकोस. त्याच्या वर गेला किंवा सपाटीवरही चढतच राहिला, तर थांबून आधी मापाची काडी घालून तेल किती आहे ते बघ. आणि बोटांत धरून बघणं सोडू नकोस. तू बरोबर होतास. हे पत्र शेठना दाखव. चूक सर्वस्वी माझी.’

वाचलं तर पुन्हा खोडावंसं वाटेल, म्हणून त्यांनी ते वाचलं नाही. तेलाचं कोष्टक असलेलं पान पुस्तकातून अलगद फाडून सोबत घातलं. जन्मात त्यांनी पुस्तकाचं पान फाडलं नव्हतं.

टपालाची थैली नझीर पूर्वी चालवायचा त्याच मोटारीने श्रीवर्धनला जायची. मास्तर टपाल कचेरीत पोचले तेव्हा तिला सुतळी बांधणं चाललं होतं.

“थांबा हो,” मास्तर जरा मोठ्यानेच म्हणाले आणि पाकीट त्यांनी स्वतःच्या हाताने थैलीत टाकलं.